मिक ओ'ड्वायर

ओ'ड्वायर, मिक : (९ जून १९३६ – ३ एप्रिल २०२५). आयर्लंडच्या केरी काउंटीचे गेलिक फुटबॉलपटू आणि पुढे या खेळातले अत्यंत यशस्वी मॅनेजर. जन्म केरीच्या पश्चिम किनाऱ्यावरील वॉटरव्हिल या गावी. खेळाडू म्हणून चार (१९५९, १९६२, १९६९, १९७०) आणि केरीचे मॅनेजर म्हणून आठ (१९७५, १९७८ ते १९८१, १९८४ ते १९८६) अशी अखिल आयर्लंड अजिंक्यपदे त्यांच्या नावावर आहेत. गावात त्यांचा गॅरेजचा आणि हॉटेलचा व्यवसाय होता.

या कारकिर्दीचे मोल कळण्यासाठी खेळाची घडण थोडी माहीत हवी. गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला १५ खेळाडू असतात. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांहून जास्त नेता येत नाही. पुढे जायचे तर तो एकदा जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या चवड्याने वर उडवून पुन्हा हातात घ्यायचा. सलग दोनदा आपटणे चालत नाही. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे उंच असतात. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेलेला चेंडू म्हणजे गोल, त्याचे तीन गुण. दांड्यावरून गेल्यास ओ'ड्वायर यांच्या काळी नेहमी एक गुण मिळे (२०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारल्यास दोन). धावफलकावर गोल आणि गुण वेगळे लिहितात. म्हणजे १-१५ ही धावसंख्या १८ गुणांची आणि ०-१७ ही सतरा गुणांची. वरिष्ठ आंतरकाउंटी सामना १९७५ पासून ७० मिनिटांचा आहे.

खेळ हौशी आहे. खेळाडूला पगार मिळत नाही आणि तो सहसा आपल्या घरच्या काउंटीकडूनच खेळतो. मॅनेजरला बाहेरून खेळाडू विकत आणता येत नाहीत. सोमवार ते शुक्रवार नोकरी करणारी, शेतावर राबणारी, शाळेत शिकवणारी मुले संध्याकाळी मैदानावर येतात. त्यांतून संघ निवडायचा आणि घडवायचा, एवढेच त्याच्या हाती असते. ओ'ड्वायर यांचे कसब इथे दिसते.

खेळाडू. १९५७ मध्ये ते केरीच्या वरिष्ठ संघात आले. पहिली दोन अजिंक्यपदे डॉ. एमन ओ'सलिव्हन यांच्या हाताखाली मिळाली. केरीची जुनी शिस्त या डॉक्टरांनी घालून दिली होती. प्रत्येकाने आपली जागा सोडायची नाही, चेंडू उंच झेलायचा आणि लांब मारायचा. ओ'ड्वायर तेव्हा बचावफळीत खेळत. दुखापतींमुळे १९६६ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली, पण १९६८ मध्ये ते परतले, आणि तेही आघाडीचे खेळाडू म्हणून. फ्री किकवर गुण मिळवण्यात ते भरवशाचे होते. १९६९ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ते वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरले. अंतिम सामन्यांतले पराभवही त्यांच्या वाट्याला बरेच आले. १९६०, १९६४, १९६५ आणि १९६८ चे अंतिम सामने केरीने गमावले. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द १९७४ मध्ये संपली.

१९७५. त्याच सुमारास खेळ बदलत होता. १९७४ मध्ये केव्हिन हेफरनन यांच्या डब्लिन संघाने दमसासाच्या जोरावर अजिंक्यपद मिळवले, तर केरी सलग दोन वर्षे मन्स्टर या आपल्या प्रांताच्या अंतिम सामन्यात कॉर्ककडून हरली होती. तेव्हा प्रांत जिंकणारा संघच अखिल आयर्लंड स्पर्धेत पुढे जाई. अडतीस वर्षांचे ओ'ड्वायर मॅनेजर झाले आणि त्यांनी जुन्या चेहऱ्यांऐवजी विशीतली मुले घेतली. त्या संघातले पंधराही जण अविवाहित होते. यामागे साधा व्यवहार होता. रोज संध्याकाळी घरी कुणाला जाब द्यायचा नसल्याने सराव हवा तितका लांबवता येई. त्या उन्हाळ्यात सलग २७ संध्याकाळी सराव झाल्याचे सांगितले जाते. वॉटरव्हिलहून किलार्नीचे मैदान सुमारे ८० किलोमीटरवर. तेवढे अंतर गाडीने कापून मॅनेजरही हजर असत.

सरावाचा गाभा म्हणजे ‘तारेपासून तारेपर्यंत’ धावणे. किलार्नीच्या मैदानाच्या एका टोकाच्या कुंपणाच्या तारेपासून दुसऱ्या टोकाच्या तारेपर्यंत पूर्ण वेगाने पळायचे, जरा श्वास घ्यायचा आणि परत पळायचे. मैदानाची लांबी १३० ते १४५ मीटर असते, म्हणजे एक फेरीही दमछाक करणारी. अंगाने भारी असलेल्यांना इतरांहून जास्त फेऱ्या असत. धावणे झाले की आपसांत सामना, आणि तोही जोरात. निव्वळ पळवून पाय तयार होतात, पण दमलेल्या अवस्थेत चेंडू झेलण्याची सवय खेळातूनच लागते. डब्लिनविरुद्धचा अंतिम सामना केरीने २-१२ विरुद्ध ०-११ असा जिंकला. कर्णधार मिकी ओ'सलिव्हन पूर्वार्धात डोक्याला मार लागून बेशुद्ध पडल्याने अजिंक्यपदाचा सॅम मॅग्वायर चषक तरुण पॅट स्पिलेनने स्वीकारला.

दोन पराभव आणि दुरुस्ती. १९७६ चा अंतिम सामना डब्लिनने ३-८ विरुद्ध ०-१० असा जिंकला आणि १९७७ च्या उपांत्य सामन्यातही केरीला हरवले. केरीत मॅनेजर बदलण्याची भाषा सुरू झाली. उणीव नेमकी होती : केरीचे आघाडीचे खेळाडू चपळ होते, पण गोलासमोर उंच चेंडू झेलून धरणारा कोणी नव्हता. लांब मारलेला चेंडू डब्लिनच्या बचावपटूंच्या हाती जाई आणि तिथूनच उलटा हल्ला होई. ओ'ड्वायर यांनी यावरचा उपाय केरीतच शोधला. उत्तर केरीचा ओवेन लिस्टन उंचपुरा होता, मात्र वजन फार होते. त्याला वॉटरव्हिलला बोलावून वेगळा सराव दिला, वजन उतरवले आणि १९७८ मध्ये गोलासमोरच्या आघाडीच्या जागी उभे केले. त्याच्याभोवती माइकी शीही, जॉन ईगन आणि स्पिलेन धावत. तो चेंडू झेलून बाजूला हाताने देई आणि धावत आलेला साथीदार गोल करी. डॉ. ओ'सलिव्हन यांच्या ‘जागा सोडू नका’ या धड्याच्या हे अगदी उलट होते.

१९७८ च्या अंतिम सामन्यातला एक क्षण आजही पुन्हा पुन्हा दाखवला जातो. मध्यंतराआधी पंचांनी डब्लिनचा गोलरक्षक पॅडी कलन याच्याविरुद्ध फ्री किक दिली. कलन गोल सोडून बाहेर आला होता आणि तक्रार करत उभा होता. डब्लिनच्याच बचावपटूने चेंडू उचलून शीहीच्या हाती दिला. शीहीने तो खाली ठेवला आणि थांबला नाही. अलगद कमान देऊन गोलात मारला. कलन मागे धावत आला, पण चेंडू त्याच्या आधी जाळ्यात पोहोचला. उत्तरार्धात लिस्टनने तीन गोल केले आणि केरीने ५-११ विरुद्ध ०-९ असा सामना घेतला. पुढच्या तीन वर्षांत डब्लिन, रॉसकॉमन आणि ऑफली यांना हरवून केरीने सलग चार अजिंक्यपदे पूर्ण केली. स्पिलेन, शीही, ओगी मोरन, जर पॉवर आणि पॉडी ओ शे हे पाच जण आठही अजिंक्यपदांचे मानकरी ठरले.

१९८२. सलग पाचवे अजिंक्यपद तोवर कोणी मिळवले नव्हते. विजयाआधीच त्याचे टी-शर्ट छापले गेले. १९ सप्टेंबर १९८२ ला पावसात ऑफलीशी अंतिम सामना झाला. शीहीची पेनल्टी मार्टिन फर्लाँगने अडवली, तरी शेवटच्या टप्प्यात केरी चार गुणांनी पुढे होती. इथे संघाची चाल मंदावली. आघाडी टिकवायच्या नादात केरीचे खेळाडू मागे सरकले, ऑफलीला मोकळा चेंडू मिळू लागला आणि मॅट कॉनरने दोन फ्री किकवर दोन गुण काढले. मग उंच मारलेला चेंडू बदली खेळाडू शेमस डार्बीच्या हाती आला. त्याने वळून वरच्या कोपऱ्यात मारला. ऑफली १-१५, केरी ०-१७. जो संघ पुढे धावूनच जिंकत आला, तो शेवटच्या मिनिटांत उभा राहिला, हे या पराभवाचे खरे कारण म्हणावे लागेल. १९८३ मध्येही कॉर्कने मन्स्टरचा अंतिम सामना अखेरच्या क्षणी गोल करून जिंकला. सलग पाचचा मान पुढे २०१५ ते २०१९ या काळात जिम गॅव्हिन यांच्या डब्लिनने मिळवला.

१९८४ ते १९८६ मध्ये केरी पुन्हा सलग तीनदा जिंकली. मात्र त्यातले अनेक खेळाडू १९७५ पासूनचेच होते. संघ हळूहळू थकला, वेळेवर नव्यांना जागा मिळाली नाही आणि १९८९ मध्ये ओ'ड्वायर बाजूला झाले. निष्ठा हा त्यांचा गुण होता. शेवटच्या वर्षांत तोच अडचणीचा ठरला.

केरीबाहेर. सोन्यासारखी पिढी मिळाली म्हणून आठ अजिंक्यपदे आली, असे म्हणणाऱ्यांना उत्तर पुढच्या दोन दशकांत आहे. १९९० मध्ये ते किल्डेअरकडे गेले. वॉटरव्हिलहून जायला तीनशे किलोमीटरहून अधिक आणि यायला तेवढेच. १९९४ मध्ये सोडून ते पुन्हा परतले आणि १९९८ मध्ये किल्डेअरने १९५६ नंतर प्रथमच लेन्स्टर प्रांताचे विजेतेपद मिळवले. त्या वर्षी या संघाने डब्लिन, मीथ आणि केरी या आधीच्या तीन अजिंक्य संघांना एकामागून एक हरवले. केरीचे मॅनेजर तेव्हा पॉडी ओ शे होते, म्हणजे गुरूने शिष्याला हरवले. किल्डेअरमध्ये राहायला आलेले काही परकाउंटीचे खेळाडूही संघात होते. त्यांत मिक यांचा मुलगा कार्ल. अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत पुढे असूनही किल्डेअर गॉलवेकडून १-१० विरुद्ध १-१४ असा हरला. २००० मध्ये लेन्स्टर पुन्हा मिळाले.

लीश काउंटीने १९४६ नंतर लेन्स्टर जिंकले नव्हते. ओ'ड्वायर २००३ मध्ये आले आणि त्याच वर्षी लीशने ते जिंकले. अंतिम सामन्यात समोर किल्डेअरच होते. पुढच्या वर्षी वेस्टमीथने फेरसामन्यात लीशला हरवले. वेस्टमीथचे मॅनेजर पॉडी ओ शे. हिशेब चुकता झाला.

२००७ ते २०११ ते विकलोकडे होते. या काउंटीने लेन्स्टर कधीही जिंकलेले नाही. पहिल्याच वर्षी दुबळ्या संघांसाठीचा टॉमी मर्फी चषक आला. २००८ मध्ये विकलोने डब्लिनमधील क्रोक पार्क या मुख्य मैदानावर आपला पहिला चॅम्पियनशिप विजय किल्डेअरविरुद्ध मिळवला. २००९ मध्ये आह्रिमच्या छोट्या घरच्या मैदानावर फर्माना, कॅव्हन आणि डाउन हे तिन्ही संघ हरले. तेव्हा ओ'ड्वायर त्र्याहत्तर वर्षांचे होते. २०१३ चा एक हंगाम त्यांनी क्लेअरला दिला आणि मग ते वॉटरव्हिलला परतले. त्या गावात आता त्यांचा पुतळा आहे.