मेंदूतल्या 'जास्तीच्या नसे'ची पार्श्वभूमी

"डोकामा जास्तीनी नस शे का, डॉक्टर?" 'व्हेरिएंट', म्हणजे नेहमीपेक्षा वेगळी रचना, असा शब्द छापलेला सीटी अँजिओग्राफीचा (धमन्यांच्या सीटी स्कॅनचा) रिपोर्ट हातात पडला, की धुळे-जळगावकडचा नातेवाईक घाबरून असंच विचारणार. बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. इंग्लंडचे डॉक्टर टॉमस विलिस यांनी १६६४ साली आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. त्या ग्रंथातली चित्रं काढणाऱ्यांत पुढे वास्तुविशारद म्हणून गाजलेले ख्रिस्तोफर रेन होते. पुस्तकातलं ते रेखीव कडं प्रत्यक्षात कितीतरी जणांत एखाद्या बाजूला बारीक किंवा अपुरं असतं. तेव्हा 'नॉर्मल' कशाला म्हणायचं, हा प्रश्न जुनाच आहे.

काही धमन्या तर गर्भातल्याच राहून जातात. गर्भात सुरुवातीला कॅरोटिडमधून, म्हणजे गळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतून, मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पोचवणारी ट्रायजेमिनल धमनी पुढे काही दिवसांतच मिटते. हजारात एक ते सहा जणांत ती मिटत नाही. अशा माणसाचं पिट्युटरीचं (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचं) ऑपरेशन करायचं, तर सर्जनला ती आधीच ठाऊक हवी. नकळत तिला धक्का लागला तर रक्तस्राव आवरणं कठीण.

जिवंत माणसात हे सगळं दिसायला १९२७ साल उजाडावं लागलं. लिस्बनमध्ये डॉक्टर एगास मोनिझ यांनी गळ्यातल्या कॅरोटिडमध्ये एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून एक्स-रे काढले. त्या सुरुवातीच्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला. शिवाय चित्र सपाट, एका धमनीवर दुसरी चढलेली. १९७१ साली लंडनमध्ये इंजिनिअर हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला, पण एकेका कापाला मिनिटं लागत. तेवढ्यात शिरेतून दिलेलं औषध धमन्यांतून केव्हाच पुढे निघून जाई. खरी अडचण वेगाची होती. ती १९८९च्या सुमारास आलेल्या, न थांबता फिरत राहणाऱ्या स्पायरल सीटीने आणि १९९८च्या, एकाच वेळी अनेक काप घेणाऱ्या मल्टिस्लाइस यंत्रांनी सोडवली. आता हाताच्या शिरेतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट (धमन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) जातं, ते मानेपर्यंत पोचताच यंत्र काही सेकंदांत सगळे काप घेतं. संगणक त्यातून कवटी वजा करतो आणि उरलेलं धमन्यांचं झाड पडद्यावर हवं तसं फिरवून पाहता येतं. हे कॉन्ट्रास्ट किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून तपासणीआधी किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट मागतात, तो उगाच नव्हे.

एवढं असूनही नेहमीच्या सीटीत धमनीची वाट दिसते, रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते कळत नाही. ते पाहायचं असेल किंवा धमनीच्या भिंतीवरचा अगदी बारीक फुगा शोधायचा असेल, तर कॅथेटर (बारीक नळी) धमनीत घालून केलेली डीएसए ही अँजिओग्राफी लागते. खान्देशातल्या रुग्णाला त्यासाठी अनेकदा नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते.