लाडू, साखराबाई, कादंबरी: खाण्यापिण्यावरून ठेवलेल्या नावांची पार्श्वभूमी

बाळाला 'लाडू', 'चिकू', 'पेढा' म्हणून हाक मारायला नाशिकमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. नवं आहे ते एवढंच, की मोदक, जिलेबी, कुकी, मोका ही नावं आता पाळण्यातून उठून बारशाच्या निमंत्रणावर आणि कधी थेट जन्मदाखल्यावर जाऊ पाहतात. घरच्या वडीलधाऱ्यांना हे आजकालचं खूळ वाटतं. पण खाण्यापिण्यावरून माणसाचं नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. काळाबरोबर बदलला तो त्यामागचा हेतू, आणि ते नाव जिथे लिहिलं जातं तो कागद.

ऋग्वेदातल्या पहिल्याच सूक्ताचा ऋषी मधुच्छंदा, नावात मध. दधीचींचं वैदिक रूप दध्यंच, त्यात दही. पिप्पलाद म्हणजे पिंपळाची फळं खाणारा, वैशेषिक दर्शनाचे कणाद म्हणजे दाणे वेचून खाणारे. सर्वांत ठळक उदाहरण शाक्यांच्या घरातलं आहे. गौतम बुद्धांचे वडील शुद्धोदन, आणि 'ओदन' म्हणजे शिजवलेला भात. पाली ग्रंथांत त्यांच्या भावांची नावं धोतोदन, सुक्कोदन, अमितोदन अशी येतात. एका घरातले सगळे भाऊ भातावरून ओळखले जात. आज हे ऐकून हसू येईल, पण तांदूळ पिकवणाऱ्या मुलखात ते भरभराटीचं नाव होतं. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडच्या भातखाचरांत राबणाऱ्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पेयांचंही तसंच. वाइनची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या नाशकातही कुणी मुलीचं नाव 'शेरी' किंवा 'शॅम्पेन' ठेवायचं म्हटलं, तर आजी तोंडाला पदर लावेल. त्याच घरातल्या कादंबरीला मात्र सगळे कौतुकाने हाक मारतात. संस्कृतात कादंबरी म्हणजे कदंबाच्या फुलांपासून गाळलेलं मद्य. 7 व्या शतकात बाणभट्टाने आपल्या नायिकेला ते नाव दिलं, पुढे मराठीने त्यावरून दीर्घ गद्यकथेला 'कादंबरी' म्हटलं, आणि मद्याचा अर्थ मागे पडला. 'वारुणी' म्हणजेही मद्यच, तिचा प्रवासही असाच. भवभूतीच्या 'मालतीमाधव'मध्ये मालतीची जिवाभावाची सोबतीण आहे लवंगिका. थोडक्यात, नाव पुरेसं जुनं आणि संस्कृत असलं की त्यातला पदार्थ दिसेनासा होतो. 'जिलेबी'ला ती सवलत मिळत नाही.

मुलं वारंवार दगावत त्या काळात नावावर वेगळीच कामगिरी सोपवलेली असे. दोन-तीन मुलं गेली की पुढच्याला मुद्दाम हलकं नाव द्यायचे: दगडू, धोंडू, केरू, भिकू. ज्याची काही किंमत नाही, त्याला नजर लागत नाही आणि काळही त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, ही समजूत. याच रांगेत कोंडू, कोंडिबा, कोंडाजी बसतात. कोंडा म्हणजे धान्य कांडून, चाळून झाल्यावर उरतं ते फोलपट. मालेगाव-बागलाणपासून खानदेशापर्यंत भेटणारं 'सुपडू' हे नाव धान्य पाखडायच्या सुपाचं. ऐकायला गमतीची वाटणारी ही नावं ठेवताना त्या आईबापांच्या पोटात किती गोळा आला असेल, हे ध्यानात ठेवूनच ती वाचायला हवीत. नाव हलकं म्हणून माणूस हलका राहिला असंही नाही. 1673 मध्ये मोजक्या मावळ्यांसह पन्हाळा घेणारे कोंडाजी फर्जंदच होते. आणि आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या कोंडाजी चिवड्याच्या पुडीवर तेच नाव आहे. इथे वाट उलटी झाली: माणसाच्या नावात धान्याचा कोंडा होता, तेच नाव पुढे खाऊला मिळालं. निफाड-दिंडोरीच्या बागांतही अशी उलटी वाट दिसते. 'थॉमसन' आणि 'शरद' ही द्राक्षांच्या वाणांची नावं माणसांचीच.

भीती कमी झाली तिथे कौतुकाची नावं होती. साखराबाई हे त्यातलं अस्सल मराठी नाव. गूळ रोजचा आणि साखर सणासुदीची, त्या दिवसांत लेकीला साखरेचं नाव देणं म्हणजे तिला मोलाची म्हणणं. केशर महाग म्हणून केसरबाई; गायिका केसरबाई केरकर (1892–1977) यांचं गाणं 1977 मध्ये व्हॉयेजर यानांतल्या तबकडीवरून अवकाशात गेलं. व्यापारासाठी इथे स्थिरावलेल्या मारवाडी आणि जैन घरांतून बदामबाई, मिश्रीलाल, मिठालाल ही नावं आली.

मग थट्टेचं नाव कुठे होतं? हाकेत. आपल्या नामकरणाची रचनाच अशी आहे की एका बाळाला अनेक नावं मिळतात: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. बाराव्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नाव लिहितात. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बायका बाळ पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे देतात. आत्या कानात नाव सांगते आणि तिच्या पाठीत धपाटे बसतात. वाटायला घुगऱ्या. या सगळ्या विधीत टोपणनावाला जागाच नाही. ते नंतर, बाळाच्या गालांवरून किंवा रंगावरून, घरातलं कुणीतरी ठेवतं. गोल तो लाडू, सावळा तो चिकू. व्यवहाराचं नाव शाळेत जातं, हाकेचं घरात राहतं. ही सोय फार शहाणपणाची होती, आणि आज तीच मोडू लागली आहे.

परदेशात अशी दोन खणांची सोय कमी, त्यामुळे तिथे वाद थेट न्यायालयात जातात. फ्रान्समध्ये व्हॅलेन्सिएनच्या न्यायालयाने एका मुलीचं 'न्यूटेला' हे नाव नाकारून 'एला' केलं. 2015 च्या सुरुवातीला ती बातमी जगभर झाली. त्याच न्यायालयाने 'फ्रेझ', म्हणजे स्ट्रॉबेरी, हेही नाव अडवलं. न्यूझीलंडमध्ये जुळ्यांना 'फिश' आणि 'चिप्स' म्हणायला नकार मिळाला होता. उलट अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रोने 2004 मध्ये मुलीचं नाव 'ॲपल' ठेवलं, त्याला कायद्याची आडकाठी आली नाही.

आपल्याकडे 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आहे. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची. शहरात महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, खेड्यात ग्रामपंचायत. नावाचा रकाना तेव्हा रिकामा सोडता येतो, आणि घाई न करता तो रिकामाच सोडावा. कलम 14 खाली नाव नंतर भरता येतं: 12 महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय, त्यापुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. गडबड इथेच होते. दवाखान्यातला अर्ज भरणारा मामा किंवा काका विचारल्याबरोबर 'लाडू' सांगून मोकळा होतो आणि तेच नोंदवहीत चढतं. लेखनातली चूक कलम 15 खाली दुरुस्त होते. पण आता नाव आवडत नाही, ही चूक धरली जात नाही. मग राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन एकेक कागद बदलत बसावं लागतं. आधारवर तर नाव बदलण्याची मुभा आयुष्यात दोनदाच.

1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा कागद आणखी वजनदार केला. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मदाखलाच प्रमाण आहे. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात मूल, आई, वडील, आडनाव अशा क्रमाने लिहितात.

म्हणून नाव ठरवताना ते चारही भागांसकट मोठ्याने म्हणून पाहावं, मग शाळेत हजेरी घेतात तसं फक्त नाव आणि आडनाव. आपल्याकडे श्रीखंडे, साखरे, तांदळे, काकडे, पडवळ ही आडनावं काही थोडी नाहीत. 'केशर' एरवी सुरेख नाव, पण पुढे श्रीखंडे आलं की वर्गाला वाटी-चमचा आठवणारच. दुसरी चाळणी कानाची. 'मिश्री' हिंदीत खडीसाखर. आपल्या गावाकडे मिश्री म्हणजे दाताला लावायची भाजलेली तंबाखू. 'ऑलिव्ह' मराठी तोंडात 'अळीव' होतं, आणि बाळंतिणीच्या घरात अळिवाचे लाडू चाललेले असतात तेव्हा ते आणखीच पक्कं होतं. तिसरी चाळणी लिपीची: रोमन लिपीतलं स्पेलिंग दाखल्यावर जसं येईल तसंच पुढे आधार आणि पासपोर्टवर हवं. ते कागदावर लिहून नोंदणीच्या खिडकीशी द्यावं, तोंडी सांगू नये, आणि दाखला हातात पडल्यावर तिथेच उभं राहून दोन्ही लिप्यांतली अक्षरं ताडून पाहावीत.