करोनाबाधित मुलांमधील तीव्र आंत्रपुच्छदाह

पोटाच्या उजव्या बाजूला खाली, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला जोडलेली बारीक नळी म्हणजे आंत्रपुच्छ (अपेंडिक्स). तिला अचानक सूज येऊन संसर्ग झाला की तीव्र आंत्रपुच्छदाह होतो. मुलांच्या पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियांमध्ये सर्वाधिक शस्त्रक्रिया याच आजारासाठी होतात. इतिहासात नोंद असलेली पहिली आंत्रपुच्छाची शस्त्रक्रियाही एका ११ वर्षांच्या मुलावरच झाली होती. क्लॉडियस अम्यांड यांनी ती १७३५ मध्ये लंडनमध्ये केली.

करोना विषाणू पेशीत शिरताना ज्या एसीई-२ या ग्राहीचा (पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचा) आधार घेतो, ती लहान आतड्याच्या अस्तरातही भरपूर असते. म्हणून काही मुलांना खोकल्याआधीच उलट्या, जुलाब आणि पोटदुखी होते. विषाणूमुळे आंत्रपुच्छातील लसिका ऊती (रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके) सुजून आंत्रपुच्छाचे तोंड बंद होत असावे, असा एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. साथीत दाखल होणाऱ्या बहुतेक मुलांची करोना चाचणी होत असे, त्यामुळे दोन्ही आजार एकाच वेळी सापडणे हा अनेकदा योगायोगच असे.

खरी अडचण निदानाची. आंत्रपुच्छाचे दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकते. भूक मरते, उलटी होते, बारीक ताप येतो. मूल वाकून चालते. उजव्या पायावर उडी मारायला सांगितले तर कळवळते किंवा उडी मारतच नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून हे सगळे करोनाच्या खात्यावर टाकले, तर मौल्यवान वेळ जातो. २०२० मध्ये अनेक देशांत मुले उशिरा रुग्णालयात पोहोचली आणि आंत्रपुच्छ फुटलेल्या रुग्णांचे प्रमाण वाढल्याचे आढळले. संसर्गाची धास्ती आणि टाळेबंदी ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. पाच वर्षांखालच्या मुलाला दुखणे नीट सांगता येत नाही, म्हणून तिथे धोका अधिक. बेंबीला हिंग लावणे एकवेळ समजू शकते, पण अशा पोटदुखीत एरंडेल किंवा जुलाबाचे औषध मुळीच देऊ नये. दुखणे एकाएकी ओसरले तरी निर्धास्त होऊ नये. नळी फुटल्यावरही थोडा वेळ बरे वाटते.

याच्या उलट चूकही घडते. करोना होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना ‘एमआयएस-सी’ हा अनेक अवयवांना सूज आणणारा आजार होतो. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी त्याबद्दल सावध केले. २०२१ मधील दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रातही त्याचे रुग्ण आढळले. त्यात पोट इतके दुखते की आंत्रपुच्छ समजून शस्त्रक्रिया झाल्याच्या नोंदी आहेत. सतत चढा ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ आणि रक्तदाब घसरणे ही लक्षणे असतील तर सोनोग्राफीबरोबरच हृदयाचा इको आणि ट्रोपोनिन, फेरिटिन यांसारख्या रक्तचाचण्या कराव्या लागतात. एमआयएस-सीवर उपचार इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) आणि स्टेरॉइडने होतात.

सोनोग्राफीत ६ मिलिमीटरहून जाड, दाबले तरी न चेपणारी नळी दिसली की आंत्रपुच्छदाहाची शक्यता बळावते. साथीच्या सुरुवातीला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूतून विषाणू पसरेल या भीतीने काही ठिकाणी पोट उघडून शस्त्रक्रिया केली जाई, तर काही ठिकाणी नळी न फुटलेल्या मुलांना केवळ प्रतिजैविके दिली जात. प्रतिजैविकांनी बऱ्या झालेल्या काही मुलांना पुढे पुन्हा त्रास होतो, विशेषतः नळीत विष्ठेचा खडा अडकलेला असेल तर. अशा मुलांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचाच सल्ला अधिक दिला जातो.