पार्श्वभूमी: इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा पहिला हंगाम, १८८८-८९

जुलै १८८५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी दिली. पैसे त्याआधीही दिले जात होते, पण चोरून. १८८४ मध्ये लंडनच्या अप्टन पार्क क्लबने तक्रार केली, तेव्हा प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबचे विल्यम सुडेल यांनी पैसे देत असल्याचं सरळ मान्य केलं आणि प्रेस्टनला एफए कपमधून, म्हणजे असोसिएशनच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतून, बाहेर पडावं लागलं. उत्तरेकडच्या लँकशायर परगण्याचे क्लब वेगळी चूल मांडायला निघाले, तेव्हा कुठे असोसिएशन नमली.

परवानगी मिळाली आणि दर आठवड्याचा पगार क्लबांच्या मागे लागला. उत्पन्न मात्र दर आठवड्याला येईलच याची खात्री नव्हती. कपमध्ये हरलं की तिथलं गेट, म्हणजे तिकिटांची कमाई, बंद. मग उरायचे मैत्रीपूर्ण सामने, आणि त्यांचा काही भरवसा नसे. समोरचा संघ कपच्या फेरलढतीत अडकला की ठरलेला सामना ऐनवेळी रद्द व्हायचा. आलाच तर निम्मा संघ दुय्यम खेळाडूंचा. शनिवारी दुपारी गिरणी सुटल्यावर तिकीट काढून आलेला कामगार असा एकदोनदा फसला की पुन्हा फिरकत नसे. लीगची गरज निर्माण झाली ती इथे. अजिंक्यपदाचा विचार नंतरचा.

ॲस्टन व्हिलाचे पदाधिकारी विल्यम मॅकग्रेगर हे मूळचे स्कॉटिश, बर्मिंगहॅममध्ये त्यांचं कापडाचं दुकान होतं. २ मार्च १८८८ रोजी त्यांनी प्रमुख क्लबांना पत्र पाठवलं: दहा-बारा क्लबांनी एकत्र येऊन दरवर्षी एकमेकांशी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने ठरवून घ्यावेत. २३ मार्चला लंडनमध्ये पहिली बैठक झाली आणि १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात लीगवर शिक्कामोर्तब झालं.

क्लब बारा घेतले, कारण वेळापत्रकात बावीसच तारखा मोकळ्या निघत होत्या. लँकशायरकडून ॲक्रिंग्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन. मध्य इंग्लंडमधून ॲस्टन व्हिला, डर्बी काउंटी, नॉट्स काउंटी, स्टोक, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन आणि वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स. दक्षिणेतला एकही नाही. तिकडे अजून हौशी खेळाचंच वर्चस्व होतं. गेटचे पैसे यजमान क्लबनेच ठेवायचे आणि पाहुण्यांना ठरावीक रक्कम द्यायची, असं ठरलं. मोठ्या गावाचा क्लब आणि लहान गावाचा क्लब यांच्यातली दरी रुंदावण्याची सोय या एका कलमाने केली, असं मला वाटतं.

८ सप्टेंबर १८८८ रोजी पाच सामने झाले. बोल्टनचा डर्बीविरुद्धचा सामना पावणेचारला सुरू झाला आणि दोनच मिनिटांत केनी डेव्हनपोर्टने गोल केला. लीगमधला पहिला गोल हाच, हे संशोधनातून बऱ्याच उशिरा पुढे आलं; तोवर तो मान व्हिलाच्या गर्शम कॉक्सच्या स्वयंगोलाला दिला जात असे. बोल्टन ३-० ने पुढे होता, तरी डर्बीने सामना ६-३ असा खेचून नेला.

मैदानावरचा खेळ आजच्या प्रेक्षकाला अनोळखी वाटेल. गोलला जाळी नव्हती आणि पेनल्टी नव्हती. दोन्ही १८९१ मध्ये आल्या. प्रत्येक संघाचा एक अंपायर मैदानात असे आणि दोघांचं जमलं नाही तर बाहेर उभा असलेला रेफरी निकाल देई. जाळी नसल्यामुळे चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर वाद ठरलेला. बदली खेळाडूची सोयच नव्हती. ६ ऑक्टोबरला स्टोकचे नऊच खेळाडू प्रेस्टनला हजर होते, म्हणून यजमानांचेच दोन राखीव खेळाडू उसने घ्यावे लागले. स्टोक ०-७ ने हरला.

सर्वांत नवलाची गोष्ट गुणांची. हंगाम सुरू झाला तेव्हा गुण कसे मोजायचे हे ठरलेलंच नव्हतं. विजयाला दोन आणि बरोबरीला एक, हा निर्णय नोव्हेंबरच्या उत्तरार्धात झाला. गुण सारखे असतील तर केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. तळाला नॉट्स काउंटी आणि स्टोक दोघांचेही १२ गुण झाले. नॉट्सचे गोल ४०-७३, भागाकार ०.५५, स्टोकचे २६-५१, भागाकार ०.५१. म्हणून स्टोक शेवटचा. आजच्यासारखी वजाबाकी केली असती तर स्टोक उणे २५ आणि नॉट्स उणे ३३, म्हणजे क्रम उलटा लागला असता. ही भागाकाराची पद्धत इंग्लंडमध्ये १९७६ पर्यंत टिकली.

वरच्या टोकाला चुरस उरली नाही. सुडेलनी स्कॉटलंडहून आणलेल्या खेळाडूंच्या बळावर प्रेस्टनने २२ पैकी १८ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडवले आणि ७४ गोल करून १५ खाल्ले. गुण ४०, दुसऱ्या क्रमांकावरच्या व्हिलाचे २९. मार्चअखेर त्यांनी एफए कपही जिंकला, तोही एकही गोल न खाता. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत पुन्हा अपराजित हंगाम दिसायला २००३-०४ चा आर्सेनल यावा लागला. भारतात ड्युरँड कप १८८८ मध्येच सुरू झाला खरा, पण तो बाद पद्धतीचा. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये आली.

बढती-घसरण तेव्हा नव्हती. तळाच्या चौघांनी पुन्हा अर्ज करायचा आणि इतर क्लबांनी मतदान करायचं. १८८९ मध्ये स्टोक, नॉट्स काउंटी, डर्बी आणि बर्नली या चौघांनाही परत घेतलं गेलं. पुढच्या वर्षी स्टोक पुन्हा तळाला गेला, तेव्हा मात्र त्याची जागा संडरलंडला मिळाली.