ड्युएन गेल्यावर काय? 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'ची पार्श्वभूमी

गाड्यांवरचा 'टॉप गिअर' हा टीव्ही शो बघणाऱ्यांना त्याची सुरुवातीची ट्यून पाठ असेल, ती मुळात 'जेसिका'ची, आणि 'जेसिका' आहे ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकन रॉक बँडच्या १९७३ च्या 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' या अल्बममध्ये. इतकी आनंदी ट्यून, पण ती आली तेव्हा या लोकांवर काय काय कोसळलं होतं ते माहीत असायलाच हवं.

जुलै १९७१ मध्ये 'ॲट फिलमोर ईस्ट' हा लाइव्ह अल्बम आला आणि बँडचं नाव झालं, आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला बँडचा गिटारिस्ट ड्युएन ऑलमन अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या मेकनमध्ये मोटरसायकल अपघातात गेला. वय फक्त २४. बँड त्यानेच जमवलेला, त्याची स्लाइड गिटार (तारांवर काचेची किंवा धातूची नळी सरकवून वाजवायची गिटार) म्हणजे बँडचा आवाजच. बेसिस्ट बेरी ओकली या धक्क्यातून सावरलाच नाही आणि ११ नोव्हेंबर १९७२ ला तोही गेला, तसाच मोटरसायकलवर, ड्युएनच्या अपघाताच्या जागेपासून जेमतेम काही गल्ल्या पलीकडे, आणि वयही तेच, २४.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की त्यांनी ड्युएनच्या जागी दुसरा गिटारिस्ट बँडमध्ये घेतलाच नाही. (लेस डुडेक या गिटारिस्टने या अल्बमवर वाजवलंय, पण पाहुणा म्हणून.) ड्युएनचा भाऊ आणि बँडचा गायक ग्रेग, त्याच्या सोलो अल्बमसाठी आलेला चक लेव्हेल नावाचा २० वर्षांचा पियानिस्ट होता, त्यालाच बँडमध्ये घेतलं. आधी दोन गिटार एकमेकांशी बोलायच्या, आता बँडचा दुसरा गिटारिस्ट डिकी बेट्स, त्याच्या गिटारला पियानो उत्तर द्यायला लागला, 'जेसिका'तला पियानो सोलो ऐका म्हणजे कळेल. बेसवर आला लमार विल्यम्स, ड्रमर जेमोचा जुना मित्र.

सूत्रं हळूहळू बेट्सकडे गेली. सातपैकी चार गाणी त्याची, आणि त्याचा ओढा कंट्री संगीताकडे (अमेरिकेतलं गावाकडचं लोकप्रिय संगीत), त्यामुळे ब्लूज आणि जॅझवर वाढलेल्या बँडला 'रॅम्बलिन मॅन' आधी जरा जास्तच कंट्री वाटलं होतं. तेच गाणं पुढे अमेरिकेतल्या बिलबोर्ड चार्टवर दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं! त्यावर आणि 'वेस्टेड वर्ड्स'वर बेस ओकलीचाच आहे, बाकी सगळा लमारचा. कव्हरवर पुढे ड्रमर बुच ट्रक्सचा छोटा मुलगा, मागे ओकलीची मुलगी.

ऑगस्ट १९७३ मध्ये अल्बम आला आणि पाच आठवडे एक नंबरवर राहिला. त्याच्या थोडं आधी, २८ जुलैला, न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला ग्रेटफुल डेड आणि द बँडसोबत त्यांचा शो झाला, अंदाजे सहा लाख लोक आले होते. सदर्न रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला रॉक, देशभर पोचवण्यात या अल्बमचा वाटा फार मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

पण एवढं यश आणि पैसा पेलवला नाही, ड्रग्ज आणि भांडणं वाढत गेली आणि १९७६ मध्ये बँड फुटला. तेव्हा लेव्हेल, लमार आणि जेमो मात्र एकत्रच राहिले आणि त्यांनी 'सी लेव्हल' नावाचा स्वतःचा बँड काढला.