कॅलिफोर्नियात फ्लेबॉटमिस्ट व्हायचंय? कम्युनिटी कॉलेज प्रवेश, पात्रता आणि कागदपत्रं

फ्लेबॉटमिस्ट म्हणजे तपासणीसाठी रुग्णाचं रक्त काढणारा तंत्रज्ञ. अमेरिकेत रुग्णाच्या शिरेतून रक्त काढायला राज्य सरकारचं लायसन्स लागतं, अशी राज्यं चारच आहेत: कॅलिफोर्निया, नेवाडा, लुइझियाना आणि वॉशिंग्टन. इतर राज्यांत राष्ट्रीय परीक्षेचं प्रमाणपत्र दाखवलं की बहुतेक ठिकाणी काम भागतं. कॅलिफोर्नियाचा नियम त्यातल्या त्यात कडक, आणि मराठी कुटुंबं बे एरियापासून सॅन डिएगोपर्यंत पसरलेली, म्हणून ही माहिती त्या एका राज्यापुरतीच.

अभ्यासक्रम लहान असतो. वेळ जातो तो गावाकडून मागवायच्या गुणपत्रिकांमध्ये आणि लसींच्या नोंदींमध्ये. त्यामुळे कॉलेज शोधायच्या आधी कागदांच्या मागे लागा, असं मी प्रत्येकाला सांगते.

राज्याला काय हवं असतं

लायसन्सचं नाव सर्टिफाइड फ्लेबॉटमी टेक्निशियन वन, बोलताना सीपीटी-वन. शिक्षणाची अट बारावी किंवा समकक्ष एवढीच. त्यानंतर ४० तासांचा वर्ग: २० तास प्राथमिक आणि २० तास पुढचा भाग. मग दवाखान्यात किंवा लॅबमध्ये ४० तास प्रत्यक्ष काम, ज्यात शिरेतून किमान ५० वेळा आणि बोटाला टोचून किमान १० वेळा रक्त काढलेलं असलं पाहिजे. शेवटी राज्याने मान्य केलेल्या संस्थेची राष्ट्रीय परीक्षा. एएससीपी, एनएचए, एएमटी, एनसीसीटी ही त्यातली नेहमीची नावं. एएससीपीची परीक्षा ८० प्रश्नांची, दोन तासांची असते.

फक्त बोटाला टोचायची परवानगी देणारं लिमिटेड लायसन्सही आहे, पण मोठ्या लॅबमध्ये नोकरी हवी असेल तर थेट सीपीटी-वनच करा. धमनीतून रक्त काढायचं सीपीटी-टू अनुभवानंतरची पायरी आहे.

आधी व्हिसा बघा

एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, त्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. पगारी नोकरीला मात्र ईएडी, म्हणजे काम करायचा सरकारी परवाना, हवंच. प्रत्यक्ष प्रशिक्षण बिनपगारी आणि अभ्यासक्रमाचा भाग असतं, तरीही ईएडी नसेल तर त्या ४० तासांबद्दल वकिलाला आधीच विचारून ठेवा. मुलांकडे आलेल्या आई-बाबांना, म्हणजे बी-२ व्हिसावर, अशा अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर ही सगळी काळजी नाही.

कॉलेजचा अर्ज

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांचा अर्ज सीसीसीअप्लाय या एकाच पोर्टलवर भरतात आणि अर्जाला फी नसते. फ्लेबॉटमी मात्र सगळीकडे नाही. कूपर्टिनोचं डी अँझा, सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को, सॅन डिएगो मेसा ही या विषयातली ओळखीची नावं. तुमच्या सत्राला तुकडी निघते आहे का, ते विभागाकडूनच कळेल. कॉलेजचा कार्यक्रम राज्याच्या आरोग्य खात्याच्या मान्य यादीत आहे ना, हे पैसे भरायच्या आधी स्वतः बघा. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: प्रत्यक्ष कामाची जागा कॉलेज मिळवून देतं का, आणि किती दिवसांत? वर्ग संपवून लॅबमधल्या जागेसाठी नुसतं थांबून राहणं ही या वाटेवरची सगळ्यात जास्त जीव खाणारी गोष्ट आहे.

फीचं गणित रहिवासावर अवलंबून. क्रेडिटच्या वर्गाला रहिवाशांसाठी दर युनिटला (अभ्यासक्रम मोजायचं एकक) ४६ डॉलर, बाहेरच्यांना त्याच्या कित्येक पट. रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झालेला असावा लागतो, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवर दिसावा लागतो. एच-४ वाल्यांनाही हे मिळू शकतं. अडतं ते भलत्याच ठिकाणी: घराचा करार, विजेचं बिल, बँक खातं सगळं नवऱ्याच्या नावावर. भाडेकरारात स्वतःचं नाव घालून घ्या, ड्रायव्हिंग लायसन्स काढा, टॅक्स रिटर्नची प्रत जपून ठेवा. काही कॉलेजं हा कोर्स कम्युनिटी एज्युकेशनमध्ये ठेवतात, तिथे युनिटचा दर लागू होत नाही, एकरकमी फी असते.

बारावीची गुणपत्रिका आणि नाव

परदेशातल्या शिक्षणाचं मूल्यमापन, म्हणजे ते अमेरिकेतल्या कोणत्या शिक्षणाइतकं आहे याचा अहवाल, कॅलिफोर्निया राज्याला मान्य असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावं लागतं. नोकरीसाठी पूर्वी करून घेतलेला अहवाल चालेलच असं धरू नका, आधी यादी बघा. या संस्थांना बऱ्याचदा मंडळाकडून सीलबंद लिफाफ्यातली प्रत लागते. महाराष्ट्र राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत, आणि अर्ज तुम्ही ज्या विभागातून परीक्षा दिली तिथेच करायचा. लातूर विभागातून बारावी झालेलीचं काम पुण्याला होत नाही. गावी भाऊ किंवा वडील जाणार असतील तर त्यांच्याकडे सहीचं अधिकारपत्र आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत द्या.

मग नावाचा घोळ. गुणपत्रिकेवर 'देशमुख स्मिता अनंत', पासपोर्टवर 'स्मिता राहुल कुलकर्णी'. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण तिथल्या कारकुनाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं: आडनाव वेगळं, मधलं नाव वेगळं. विवाह नोंदणीचा दाखला हा इथला मुख्य पूल. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर अनुवादकाच्या सहीचं इंग्रजी भाषांतर जोडा. लग्नानंतर पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागेल. आणि कॉलेज, परीक्षा, लायसन्स या तिन्ही अर्जांत नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर एकच लिहा.

बारावीचे कागद मिळणंच अशक्य असेल तर जीईडी ही अमेरिकेतली बारावीसमकक्ष परीक्षा द्या. चार विषय, प्रत्येकात किमान १४५ गुण.

लसी आणि टीबी

भारतात जन्मलेल्या बहुतेकांना टीबीवरची बीसीजी लस दिलेली असते, त्यामुळे हातावरची टीबीची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह दिसू शकते. डॉक्टरांना बीसीजीचं सांगा आणि आयजीआरए ही रक्ततपासणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांच्या जुन्या नोंदी कुणाकडेच नसतात, म्हणून अँटिबॉडी तपासणी करून घ्यावी. हेपॅटायटिस बी मध्ये मात्र घाई चालत नाही: नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. महिन्याच्या अंतराने दोन डोसांची लसही आहे, ती विचारा. याशिवाय सीपीआरचं (हृदय बंद पडल्यास द्यायच्या प्रथमोपचाराचं) कार्ड आणि पार्श्वभूमी तपासणी सहसा मागतातच.

वर्गात आणि लॅबमध्ये

सुरुवात रबरी हातावर होते. कोपराच्या खळगीतली शीर डोळ्यांनी नव्हे, बोटाच्या पेराने शोधायची. दाबल्यावर ती उसळते. दंडाचा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही, नाहीतर तपासणीचे आकडे बदलतात. नळ्यांचा क्रम ठरलेला: फिकट निळी आधी, मग लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी आणि शेवटी राखाडी. जांभळ्या नळीतलं रसायन पोटॅशियमचं असतं, ते पुढच्या नळीत गेलं तर रुग्णाचं पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. लेबल रुग्णासमोरच, रक्त काढल्यावर लावायचं. रिकाम्या नळीवर आधी लेबल लावून ठेवायची सवय कुणाला असेल तर ती पहिल्याच दिवशी सोडावी, कारण यात एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं.

प्रत्येक यशस्वी टोचणीची नोंद होते आणि त्यावर देखरेख करणाऱ्याची सही लागते. ती त्याच दिवशी घ्या.

लायसन्सचा अर्ज

अर्ज राज्याच्या आरोग्य खात्याच्या लॅबोरेटरी फील्ड सर्व्हिसेस या विभागाकडे ऑनलाइन जातो. सोबत शिक्षणाचा पुरावा आणि मूल्यमापन, वर्ग पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, ४० तास आणि टोचण्यांचा आकडा लिहिलेलं सहीचं पत्र, परीक्षेचा निकाल आणि परत न मिळणारी फी. पत्रावर आकडे स्पष्ट नसतील तर अर्ज अडकतो, म्हणून लॅब सोडायच्या आधी ते वाचून घ्या. लायसन्स दोन वर्षांचं असतं आणि नूतनीकरणाला सहा तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. ते हातात येईपर्यंत प्रशिक्षणाबाहेर कुणाचंही रक्त काढायचं नाही, ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं तरी.