पिकने की बोटांनी? गिटारवरच्या उजव्या हाताचे दोन मार्ग

डी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) धरा. आता फक्त चौथी आणि पहिली (सगळ्यात बारीक) तार एकाच क्षणी वाजवा, मधल्या दोन तारांना धक्का न लावता. अंगठा चौथीवर, अनामिका पहिलीवर, दोन्ही एकदम ओढले की झालं. हेच पिकने, म्हणजे तार छेडायच्या प्लास्टिकच्या छोट्या तुकड्याने, करून बघा. चौथीवरून पहिलीवर जाताना तिसरी आणि दुसरी वाटेत येतातच. एक तर त्या वाजतात, नाही तर त्यांना टाळण्यात पहिली तार उशिरा लागते. पिक हे खाली-वर फिरणारं एकच टोक आहे. अंगठा आणि तीन बोटं ही आपापल्या तारेवर बसलेली चार टोकं. आवाज, वेग, तंत्र यांतले जवळपास सगळे फरक इथूनच निघतात.

ऐकताना गोंधळही इथेच होतो. कॉर्ड धरून एकेक तार सुटी वाजली की अनेक जण सरसकट ‘फिंगरस्टाइल’, म्हणजे बोटांनी वाजवलेलं, म्हणून मोकळे होतात. पण असा आर्पेजिओ पिकनेही उत्तम वाजतो, आणि इलेक्ट्रिकवर तर बरेचदा पिकनेच वाजवलेला असतो. खात्री करायची असेल तर खालचा जाड सूर आणि वरचा बारीक सूर नेमके एकत्र पडतात का आणि मधली एखादी तार गप्प राहते का, ते ऐका. तसं असेल तर तिथे बोटं आहेत. शिवाय पिकच्या प्रत्येक सुराच्या तोंडाशी प्लास्टिकचा बारीक ‘टिक’ असतो. बोटाच्या मांसल भागाने वाजवलेला सूर त्याशिवाय, गोलसर उमटतो.

आधी पिक. तर्जनी किंचित वाकवा, तिच्या पहिल्या पेराच्या कडेवर पिक ठेवा आणि वरून अंगठा आडवा टेका. टोक फक्त 3 ते 5 मिलिमीटर बाहेर हवं. जास्त बाहेर राहिलं की ते तारांत अडकतं आणि हातात फिरतं. पिक तारेला अगदी समांतर न धरता थोडं तिरकं धरा, म्हणजे त्याची कड तारेवरून घसरत निघते. पकड घट्ट झाली की मनगट आखडतं आणि आवाज कर्कश होतो. नवशिक्यांच्या दहा तक्रारींपैकी निम्म्या या एका सवयीतून येतात, असं आमचं ठाम मत आहे.

जाडीकडे दुर्लक्ष करू नका. स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवायला, 0.60 ते 0.73 मिलिमीटर बरं, कारण पातळ पिक लवतं आणि सगळ्या तारा साधारण सारख्या जोराने वाजतात. पण तेच लवणं सुटे सूर वाजवताना आडवं येतं. पिक वाकून सरळ होईपर्यंत पुढचा सूर निसटतो. त्यासाठी 0.88 ते 1.14 घ्या. डनलॉपच्या टॉर्टेक्स पिकमध्ये रंगावरून जाडी कळते: नारिंगी 0.60, पिवळं 0.73, हिरवं 0.88, निळं 1.0. मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोसमध्ये, म्हणजे 1865 पासून चालू असलेल्या दुकानात, गेलात तर एकाच जाडीची पाच न घेता तीन वेगळ्या जाडींची तीन घ्या.

पिकचं खरं बळ तालात आहे. आठ मात्रांच्या केरव्यावर हात आठ वेळा फिरतो: खाली-वर, खाली-वर, खाली-वर, खाली-वर. त्यात दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात तारांना न लागता हवेतून जाऊ द्या. उरलेल्या सहा फटक्यांत भावगीतापासून सिनेमाच्या गाण्यापर्यंत बरंच काही बसतं. चूक होते ती पाचव्या मात्रेला. तिथे वाजवायचं नाही म्हणून हात थांबवला जातो, मग सहाव्याचा वरचा फटका लवकर पडतो आणि गाणारा पुढे पळतो. हात थांबवायचा नाही, फक्त तारांपासून जरा दूर न्यायचा. गणपतीत सोसायटीच्या मंडपात किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर माइकशिवाय पाच-सहा जण गात असतील, तर पिकला पर्याय नाही. बोटांची गिटार तिथे शेजाऱ्यालाही ऐकू येणार नाही. उलट रात्री अकराला फ्लॅटमध्ये सराव करायचा असेल तर बोटंच बरी.

बोटांचं गणित वेगळं. अंगठ्याला सहावी, पाचवी, चौथी तार. तर्जनीला तिसरी, मधल्या बोटाला दुसरी, अनामिकेला पहिली. पुस्तकांत यांना पी, आय, एम, ए म्हणतात, ती स्पॅनिश नावांची आद्याक्षरं. करंगळी सहसा मोकळी. सी कॉर्ड धरून अंगठ्याने पाचवी तार वाजवा आणि मग आय-एम-ए-एम-आय. अंगठ्यासह हे सहा सूर होतात, म्हणजे दादऱ्याच्या सहा मात्रा. मेट्रोनोम 60 वर, प्रत्येक ठोक्याला एक सूर. मग जी कॉर्डला अंगठा सहावीवर, डीला चौथीवर. बाकीची बोटं आपापली तार सोडत नाहीत.

इथे सगळ्यात जास्त बिघडते ती ओढण्याची दिशा. बोट तारेखाली घालून बाहेरच्या बाजूला उचललं की तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) आपटते आणि ‘खट्’ असा आवाज येतो. बोट मुळाच्या सांध्यातून तळहाताकडे मिटलं पाहिजे. अंगठा बोटांच्या किंचित पुढे, गिटारच्या मानेच्या बाजूला ठेवा, नाही तर तो तर्जनीवर आदळतो. अंगठ्याचा जोर जास्त होणं स्वाभाविक आहे, म्हणून सुरुवातीला अनामिका मुद्दाम जोरात वाजवा. चाल बहुतेक वेळा तिच्याकडेच असते.

नखं बोटाच्या टोकापुढे 1 ते 2 मिलिमीटर पुरतात. आधी फाइल, मग 600 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी 1000 चा. कडेला बारीक खाच राहिली तरी सुरात खरखर येते. स्टीलच्या तारांवर नखांनी जोरात स्ट्रम केलं तर ती झपाट्याने झिजतात. मुंबईच्या पावसाळ्यात हे जरा जास्त सांभाळावं लागतं. आंघोळ किंवा भांडी झाल्या झाल्या नख मऊ असतं, तेव्हा फाइल करू नका, ते फाटतं. पिकवाल्यांची अडचण घामाची: गुळगुळीत पिक घसरतं, म्हणून पकडीला खडबडीत असलेलं नायलॉन किंवा टॉर्टेक्स घ्या. आणि कसंही वाजवा, वाजवून झाल्यावर तारा सुक्या कपड्याने पुसा. दमट हवेत घामाच्या मिठाने त्या लवकर गंजतात.

गिटार कुठली आहे हेही बघा. क्लासिकल गिटारच्या नायलॉन तारा बोटांसाठीच आहेत. तिथे नटची (मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर बसतात तिची) रुंदी साधारण 52 मिलिमीटर असते, म्हणजे बोटांना जागा मिळते. पुढच्या फळीवर पिकगार्ड (ओरखडे झेलणारी पट्टी) नसल्याने पिकचे ओरखडे थेट लाकडावर उमटतात. पिकने मोठा आवाज हवा म्हणून तिच्यावर स्टीलच्या तारा चढवणं तर चुकूनही नको. स्टीलच्या संचाचा ताण 70 किलोच्या आसपास जातो, नायलॉनचा 40 च्या जवळ, आणि ब्रिज (फळीवर तारा अडकवायची पट्टी) उखडतो. स्टीलच्या अकूस्टिकवर नट 43-44 मिलिमीटर, तिथे दोन्ही चालतं. इलेक्ट्रिकवरही बोटं वर्ज्य नाहीत. रॉक गिटारवादक मार्क नॉफ्लर बोटांनी वाजवतात आणि जॅझचे वेस माँटगोमेरी अंगठ्याने वाजवत. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षा द्यायच्या असतील तर क्लासिकल आणि अकूस्टिक यांचे अभ्यासक्रम वेगळे आहेत. क्लास लावण्यापूर्वी कोणता शिकवतात ते विचारून घ्या.

‘आधी पिक, बोटं पुढच्या वर्षी’ हा सल्ला आम्हाला पटत नाही. वर्षभरात हाताला एकाच टोकाची सवय जडते आणि मग अंगठा वेगळा चालवणं दुप्पट जड जातं. पहिल्या महिन्यापासून दोन्हींना रोज दहा-दहा मिनिटं द्या.

आणि दोन्ही एकत्र हवं असेल तर हायब्रिड पिकिंग आहे: पिक अंगठा-तर्जनीत तसंच ठेवायचं, अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या तारा पिकने आणि उरलेल्या दोन तारा मधल्या बोटाने व अनामिकेने. सीवर पाचवी तार पिकने, त्याच क्षणी दुसरी तार मधल्या बोटाने, मग तिसरी पिकने आणि पहिली अनामिकेने. सुरुवातीला बोटांचे सूर पिकपेक्षा कमजोर येतील. तेव्हा बोटांचा जोर वाढवू नका, पिकचा कमी करा, कारण बोटं ताणली की मनगट पुन्हा आखडतं.